‘घरमालक बसून खातात’ म्हणणाऱ्यांनी एक फ्लॅट स्वतः सांभाळून दाखवावा

दोनघरवाली:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की घर भाड्याने देणं म्हणजे बसून खाणं, डिपॉझिट म्हणजे मालकाचा बोनस, आणि अकरा महिन्यांचा करार हा भाडेकरूला टांगतं ठेवण्याचा डाव. वाचल्यापासून डोकं तापलंय, त्यामुळे उत्तर लांबणार.

पुण्यात आमचे दोन वन-बीएचके आहेत. एक सासऱ्यांनी घेतलेला, दुसरा यांच्या निवृत्तीच्या पैशातून. एजंट नाही, माणूस नाही. गीझर बंद पडला, फ्लश गळतोय, शेजारच्यांशी पार्किंगवरून वाजलं, सगळे फोन मला. मेंटेनन्स, मिळकतकर, मधल्या काळात घर रिकामं राहिलं तर ते नुकसान, हे कोण मोजतं? आयकरात घरभाड्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते ती उगाच नाही. घराला पैसा लागतो हे सरकारलाही मान्य आहे.

आणि अकरा महिन्यांपेक्षा लांब करार करायची मालकांना भीती कुठून आली? १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नुसत्या परवानगीवर राहत होते, ते भाडे कायद्यातल्या एका दुरुस्तीने संरक्षित भाडेकरू ठरले, म्हणजे त्यांना सहज बाहेर काढता येईना. मालक नुसते बघत राहिले. मुंबईत १९४० च्या भाड्यावर गोठलेल्या इमारतींची काय दशा झाली ते सगळ्यांना माहीत आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये १.११ कोटी घरं रिकामी होती. लोक कुलूप लावून ठेवतात पण भाड्याने देत नाहीत, त्यामागे हीसुद्धा धास्ती आहे. मालकाला शिव्या घालून भाडी कमी होणार नाहीत.

तिसरा_मजला:
ताई, सगळं लिहिलंत, डिपॉझिटवर मात्र एक ओळ नाही.

आम्ही एका घरात चार वर्षं राहिलो. भाडं एकदाही चुकलं नाही. सोडताना ‘पेंटिंग, क्लीनिंग, ओट्यावरचे डाग’ म्हणून निम्मं डिपॉझिट कापलं. बिल मागितलं तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ नंतर तिथे राहायला आलेल्या मुलाशी ओळख झाली. त्याने सांगितलं, रंग लावलेलाच नव्हता, आमच्या मुलीने पेन्सिलने काढलेली उंचीची खूणसुद्धा दारामागे तशीच होती.

चार वर्षांत रंग उतरतो तो राहण्याने उतरतो. त्याचे पैसे भाड्यात आले. तुम्हीच म्हणता ३० टक्के वजावट देखभालीसाठी मिळते, मग तोच खर्च भाडेकरूच्या डिपॉझिटमधून दुसऱ्यांदा का?

दोनघरवाली:
बिल न देता कापणारे मालक आहेत, नाही कुठे म्हटलं? पण माझ्या एका भाडेकरूने न विचारता बाथरूमच्या टाइलमध्ये ड्रिल मारून आतला पाइप फोडला. खालच्यांच्या छताला ओल आली, तेही पैसे मीच भरले. तोवर हे साहेब घर सोडून गेले होते आणि फोन उचलत नव्हते. त्या वेळी डिपॉझिट नसतं तर?

कागदोपत्री:
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. अकरा महिन्यांबद्दल आधी बोलतो, कारण तो गैरसमज सगळ्यात जुना आहे. नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोक अकरावर थांबायचे. महाराष्ट्रात ती पळवाट ३१ मार्च २००० पासून बंद आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यामुळे १९७३ चा बागुलबुवा आता पुरे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये लायसन्स कराराची मुदत संपल्यावर ताबा द्यावाच लागतो. नाही दिला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि ताबा मिळेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई. तीन वर्षांचा करार करा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. १८,००० भाडं आणि ५०,००० परत करायचं डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांसाठी साधारण पाचशे रुपये. नोंदणी फी शहरात १,०००.

ना_हरकत:
कायदा सांगताय तर सोसायटीवाल्यांनाही सांगा! भाडेकरूपेक्षा जास्त छळ मला माझ्याच सोसायटीने केलाय. भाडेकरू ठेवला म्हणून महिन्याला १,२०० ‘नॉन-ऑक्युपन्सी’, म्हणजे मालक स्वतः राहत नाही याचं शुल्क. सेवाशुल्क आहे १,५००. २००१ च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे १५० रुपये. सेक्रेटरीला पत्र दिलं तर म्हणे ‘जनरल बॉडीचा ठराव आहे’. वर एनओसी हवी, भाडेकरूची ‘मुलाखत’ हवी, सामान चढवायचे वेगळे पैसे हवेत.

सचिवपदी_नाइलाजाने:
हे वाचून राहवलं नाही. १० टक्के आम्हीही घेतो, त्यावर वाद नाही. पण मालक परगावी, भाडेकरूचं नावगाव कुणाला माहीत नाही, रात्री दोनला भांडण झालं की वॉचमन उठवतो मला. पोलिसांना माहिती दिली का विचारलं तर मालक म्हणतो ‘एजंट करणार होता’. मी पगारी नोकर नाही. स्वतःची नोकरी सांभाळून तुमची लिफ्ट चालू ठेवतो.

ना_हरकत:
माहिती मागा, हक्काने मागा. परवानगी हा शब्द कुठून आणलात? आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, सभासदाने फक्त कळवायचं असतं.

सचिवपदी_नाइलाजाने:
कळवतं कोण? आमच्याकडे ट्रक आल्यावर कळतं.

एकटी_राहते:
सचिवकाका, ‘मुलाखती’बद्दल बोललाच नाहीत. तीन सोसायट्यांत मला विचारलं गेलं की लग्न कधी करणार, घरी कोण कोण येणार. मी बँकेत नोकरी करते, कराराची सगळी कागदपत्रं देते. उपविधींत अविवाहितांना घर देऊ नये असं कुठलं कलम आहे? आणि दोनघरवाली काकू, तुमच्या जाहिरातीत ‘फक्त फॅमिली’ असतं का?

दोनघरवाली:
असतं. चार मुलं ठेवली होती एकदा. करारात चौघांची नावं, घरात गाद्या सहा. ड्रेनेज तुंबलं, तक्रारी माझ्याकडे. परत ठेवणार नाही.

एकटी_राहते:
त्या मुलांनी करार मोडला, त्याची शिक्षा मला? कुटुंबाने घर खराब केलं तर तुम्ही पुढच्या कुटुंबाला नाही म्हणता का? तो ड्रिलवाला कोण होता?

दोनघरवाली:
बायको आणि एक मुलगा होता त्याला. पण घर माझं आहे, कुणाला द्यायचं ते मी ठरवणार. आवाज चढवून बोलू नकोस.

तिसरा_मजला:
चढवेल नाही तर काय! तिला दारातून परत पाठवायचं, आम्हाला डिपॉझिटशिवाय पाठवायचं, आणि वर ‘आमचा त्रास कुणाला दिसत नाही’. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच आहे. तसं का घेत नाही?

कागदोपत्री:
तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. भांडायचं तर लागू असलेल्या गोष्टीवर भांडा. ताबा देताना दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचा, नळांचा, मीटरच्या रीडिंगचा व्हिडिओ काढा आणि फिटिंगची यादी कराराला जोडा. सोडताना त्याच यादीवर टिक करा. मोडतोड असेल ते बिल दाखवून कापा, बाकीचे पैसे किल्ली हातात पडल्या दिवशी परत. ‘पेंटिंगचं एक महिन्याचं भाडं’ ही ओळ करारात आंधळेपणाने टाकू नका, आणि टाकली असेल तर भाडेकरूंनी सही करण्याआधी खोडायला लावा. सहीनंतर रडून उपयोग नसतो.

तिसरा_मजला:
घर शोधताना शनिवार-रविवार पायपीट केलेला माणूस ओळ खोडायला सांगेल? मालक म्हणेल, नको असेल तर पुढचा तयार आहे.

दोनघरवाली:
बरं. एक वर्ष पूर्ण राहिलेल्याकडून मी रंगाचे पैसे घेणार नाही, पुढच्या करारापासून. ड्रिल मात्र विचारल्याशिवाय नाही, आणि प्लंबरच्या बिलावर वाद घालायचा नाही. फॅमिलीचं म्हणाल तर माझं मत बदललेलं नाही.

एकटी_राहते:
मग ‘घरं रिकामी का राहतात’ हे आम्हाला विचारू नका.

ना_हरकत:
माझ्या १,२०० रुपयांचं कुणी सांगेल का? सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार द्यायची तर आधी सोसायटीचं लेखी उत्तर लागतं का?

सचिवपदी_नाइलाजाने:
पत्राची पोच घेतली होतीत का? ती असेल तर द्या तक्रार. बिलांच्या प्रती जोडा, सेवाशुल्क आणि बाकीच्या रकमा वेगळ्या दाखवणारं बिल शोधा. आणि भाडेकरूची माहिती त्याच दिवशी देऊन टाका म्हणजे त्यांना बोट दाखवायला जागा नको.