‘२००१: अ स्पेस ओडिसी’ कुठं पाहिलात आणि काय अडकलं? (अनुभव धागा)

परवा आमच्या गच्चीवर, म्हणजे संभाजीनगरात, मे महिन्याच्या उकाड्यात पांढऱ्या चादरीवर आम्ही सहा जणांनी कुब्रिकचा ‘२००१’ बघितला. पिक्चर जेमतेम अडीच तासांचा, त्यावरचं भांडण मात्र पहाटे दोनपर्यंत चाललं. शेवटची ती पांढरी खोली म्हणजे नक्की काय, यावरून दोन मित्र असे जुंपले की एकानं दुसऱ्याला “परत या घरात पाऊल टाकू नकोस” म्हणून बजावलं. घर माझं होतं.

तर हा धागा त्या भांडणाची शेपूट आहे. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९६८चा पिक्चर. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक आणि विज्ञानकथा लिहिणारे आर्थर सी. क्लार्क या दोघांनी मिळून रचलेला. आदिमानवांसमोर एक काळी गुळगुळीत शिळा उगवते, तशीच पुढं चंद्रावर सापडते, मग माणसं गुरूकडं निघतात आणि वाटेत जहाजाचा संगणक हॅल त्यांच्या जिवावर उठतो. त्यानंतर जे होतं त्याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

अर्थ सांगायला इथं बंदी नाही, पण नुसता अर्थ नको. कुठं पाहिला, कोणासोबत, आणि नेमकं काय डोक्यात अडकून बसलं ते लिहा.

सुरुवात मीच करतो. आमचे दादा, म्हणजे वडील, जालन्यात तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवत होते. त्या रात्री ते कठड्याला टेकून अर्धवट बघत होते. अंतराळात एक प्रवासी झोपलेला, त्याचं पेन हवेत तरंगतंय, असा एक प्रसंग आहे. हवाई सुंदरी येते आणि ते अलगद धरून त्याच्या खिशात ठेवते. आम्ही सगळे वा वा करतोय आणि दादा म्हणाले, “काच आहे. काचेवर चिकटवलंय.” मागं घेऊन परत लावलं. पेन स्वतःभोवती फिरत नाही, बाहेरच्या कुठल्यातरी मध्याभोवती गोल जातं. खरंच, मोठी काच फिरवत होते आणि पेन दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं तिला लावलेलं होतं. ती बाई पेन हवेतून घेत नाही, काचेवरून उपटते. दादांना पुढचा पिक्चर कळला नाही आणि त्यांनी तो बघितलाही नाही. “एवढं साधं केलंय म्हणजे माणूस हुशार आहे,” म्हणून झोपायला गेले.

टर्नर, वाळूज

मी मूळचा लोहा तालुक्यातला, सध्या वाळूजला एका शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर आहे. नाइट शिफ्टच्या सुट्टीत रूमवर मोबाइलवर पाहिला. छोट्या पडद्यावर बघू नये म्हणतात, पण आपल्याकडं दुसरा कुठंय.

माझं डोकं अडकलं ते गोल पळण्यात. जहाजाच्या आत एक मोठं चाक आहे आणि त्यात माणूस व्यायाम म्हणून पळतो. पळत पळत भिंतीवर, तिथून छतावर आणि परत खाली. मला लगेच माळेगावची जत्रा आठवली. खंडोबाच्या जत्रेतला मौत का कुआँ. लहानपणी फळ्यांच्या कठड्यावरून वाकून बघायचो, मोटारसायकल भिंतीला आडवी चिकटून फिरायची आणि सगळा कुआँ हलायचा. तत्त्व तेच. फिरण्यानं माणूस बाहेर ढकलला जातो आणि भिंतच त्याची जमीन होते.

आधी वाटलं कॉम्प्युटरची करामत असेल. पण १९६८ला कसला कॉम्प्युटर! शोधलं तर कळलं की विमानं बनवणाऱ्या व्हिकर्स कंपनीकडून खरंच चाक बांधून घेतलं होतं, साधारण ३८ फूट व्यास आणि ३० टन वजन. माणूस कायम तळाशीच पळतोय, फिरतंय ते चाक. कॅमेरा चाकालाच घट्ट बसवला की तोही सोबत फिरतो, त्यामुळं पडद्यावर चाक जागच्या जागी आणि माणूस भिंतीवर. एका ठिकाणी एक जण टेबलावर जेवतोय आणि दुसरा समोरून शिडीनं उतरून त्याच्याकडं चालत येतो. तिथं जेवणाऱ्याला खुर्चीला बांधून उलटं टांगलेलं होतं.

ज्यानं चकवर, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या पकडीवर, एका बाजूला जड जॉब लावलाय त्याला कळेल मी काय म्हणतो ते. दोन किलोचा फरक पडला तरी मशीन हादरतं. इथं ३० टन, वर दिवे, कॅमेरा, माणसं. शेवट मला पण कळला नाही, खोटं कशाला बोलू. पण एक माणूस भिंतीवर पळताना दाखवायला ज्यानं एवढं लोखंड फिरवलं, तो शेवटी उगाच काहीतरी लावून देणार नाही, एवढा भरवसा बसला. म्हणून परत पाहिला.

गंगाखेडकडचा एक म्हातारा

नातवानं दाखवला. मी चाळिसाव्या मिनिटाला झोपलो ते जहाज गुरूवर पोचलं तेव्हा उठलो. मधल्या काळात काही बिघडलं नव्हतं.

वानरांचं मात्र आवडलं. आमच्या हरभऱ्यात रोज टोळी येते, त्यामुळं वानर कसं बसतं, कसं बघतं हे मला कुणी शिकवायला नको. ही मुकाभिनय करणारी माणसं आहेत म्हणे, कातडी पांघरलेली. पण त्यातलं एक हाडाच्या ढिगापाशी मान वाकडी करून बसतं ना, ते अगदी तसंच! मग ते हाड उचलून आपटायला लागलं, तेव्हा नातवाला म्हणलं, “बाबू, आता हरभरा गेला.”

शिक्षिका, अंबाजोगाई

मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवते. रविवारी मुलांना सिनेमा दाखवतो, आणि दर वेळी एकच अडचण येते: मुलं पडदा बघतात, मग माझे हात बघतात, परत पडदा, परत हात. निम्मा सिनेमा त्यात जातो. याच्यात सुरुवातीची पंचवीसेक मिनिटं संवादच नाही असं वाचलं होतं, म्हणून लावला. मोठ्या वर्गांची तेवीस मुलं होती. पंचवीस मिनिटं माझ्याकडं एकानंही वळून बघितलं नाही. मी भिंतीला टेकून नुसती उभी. नोकरीत असं पहिल्यांदाच झालं आणि, खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं.

पुढं तो प्रसंग येतो. दोघा अंतराळवीरांना हॅलचा संशय आलेला आहे. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ते एका लहान यानात शिरून दार लावतात आणि त्याला बंद करायचं ठरवतात. मग आवाज थांबतो. पडद्यावर फक्त ओठ, आधी याचे, मग त्याचे, परत याचे. सातवीतला एक मुलगा ताडकन उभा राहिला आणि खुणेनं सांगायला लागला: बघतोय, तो ओठ बघतोय! ऐकू येणारे आम्ही चार मोठे तिथं होतो. आमच्या लक्षात यायला अजून काही सेकंद गेले.

गंमत पुढं आहे. त्याच मुलानं नंतर हरकत घेतली. ओठ बाजूनं दिसत होते, समोरून नाही. बाजूनं वाचणं फार अवघड. आणि समोरून तरी काय, ‘प’, ‘ब’, ‘म’ ओठांवर सारखेच. पापा, बाबा, मामा तिन्ही एकच दिसतात. पुढचं-मागचं धरून अंदाज करावा लागतो. त्याचं म्हणणं असं की हॅलला सगळं कळलं नसणार, त्यानं अंदाज बांधला आणि त्या अंदाजावर माणसं मारली. या सिनेमाच्या अर्थाबद्दल मी पुष्कळ वाचलं, पण हे कुठं वाचलेलं नाही.

एक राहिलं. एका अंतराळवीराची हवेची नळी तुटते, तो हात-पाय झाडत लांब लांब जातो, आणि आवाज अजिबात नाही. पोकळीत आवाज जाणारच नाही, कुब्रिकनं तो घातलेला नाही. मी हे मुलांना समजावून सांगत होते. एका मुलीनं मध्येच विचारलं, “मॅडम, म्हणजे इथं तुम्हालापण काही ऐकू येत नाही ना?”

नाइट ड्यूटी, नांदेड

मी आयसीयूत सिस्टर आहे. वरच्या मॅडमचं वाचून लिहावंसं वाटलं.

तीन शास्त्रज्ञ पेटीत गाढ झोपवून नेलेले असतात, गुरू आला की उठवायचं म्हणून. हॅल त्यांना मारतो. रक्त नाही, ओरडणं नाही, तोंडावरची रेघसुद्धा हलत नाही. फक्त पडद्यावरच्या लाटा एकेक करून सरळ होतात आणि अक्षरं येतात, की जीवनक्रिया थांबल्या. आधी अलार्म वाजत असतो, मग तोही बंद.

लोक म्हणतात हा सीन थंड आहे. आम्ही बारा बेड सांभाळतो. रात्री तीनला कुठला तरी पंप वाजतच असतो आणि हात आपोआप म्यूटकडं जातो. मी पेशंटच्या तोंडाकडं आधी बघते की मॉनिटरकडं, असा प्रश्न मला त्या सीननंतर पडला. आता तोंडाकडं बघते. निदान ठरवलं तरी आहे.

बीड जिल्हा, सध्या पुण्यात

आमचं घर ऊसतोडीचं. सहा महिने फडावर, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. बाप्पांनी एका उचलीतून टेपरेकॉर्डर घेतला होता, वीज नाही म्हणून सेलवर चालायचा. सेल उतरायला लागले की गाणाऱ्याचा आवाज जड व्हायचा, मग रडल्यासारखा, मग म्हशीसारखा, मग गप. बाप्पा सेल काढून उन्हात ठेवायचे, परत अर्धं गाणं निघायचं.

हॅलचे कप्पे तो वाचलेला अंतराळवीर डेव्ह एकेक करून उपसतो आणि हॅल ‘डेझी’चं गाणं म्हणत म्हणत खाली खाली जातो. हॉस्टेलवर पोरं हसत होती. मला हसू आलं नाही. कोपीत अंधारात सगळे गाणं कधी थांबतंय ते ऐकत बसायचो, तेच होतं हे. नंतर कळलं की तेच गाणं १९६१मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये आयबीएमच्या संगणकाकडून खरंच गाऊन घेतलं होतं आणि क्लार्कनं ते ऐकलं होतं. म्हणजे मरताना हॅल त्याच्या खानदानातलं पहिलं गाणं म्हणतो. अर्थ बिर्थ मला माहीत नाही, पण अख्ख्या पिक्चरमध्ये मला माणूस वाटला तो हॅलच. बाकीचे रोबोटच.

वेरूळचा गाईड

बावीस वर्षं लेणी दाखवतो. या धाग्यावर सगळे कौतुक करतायत म्हणून मी जरा उलटं बोलतो.

सोळा नंबरच्या कैलासासमोर उभा राहिलो की दिवसाला एक तरी पाहुणा विचारतोच, “हे माणसानं केलं असेल का हो? का परग्रहावरून कोणी आलं होतं?” आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणला. आधी कळस, मग पाया. मी त्यांना भिंतीपाशी नेतो आणि टाकीचे घाव दाखवतो. तिरपे, एकाआड एक, कुठं हात दमलेला, कुठं नवा माणूस बसलेला. बोट फिरवून बघा म्हणतो. बोट फिरवलं की बरेच जण गप होतात.

आता पिक्चर काय म्हणतो? वानराला अक्कल नव्हती, बाहेरून शिळा आली, तिला हात लावला आणि अक्कल आली. म्हणजे तेच पाहुण्याचं म्हणणं, फक्त महागातलं. इंग्रजीत त्या शिळेला मोनोलिथ म्हणतात, आपल्याकडं एकाश्म, म्हणजे एकाच दगडाचं. कैलासपण एकाश्मच. पण आमच्या एकाश्मावर घाव आहेत आणि त्यांच्यावर ओरखडासुद्धा नाही.

आणि मजा बघा. ती शिळा केली कशी? आधी पारदर्शक प्लास्टिकची, दोनेक टनांची ओतून घेतली, ती कुब्रिकला पटली नाही. मग लाकडाची केली आणि त्यावर ग्रॅफाइटचा काळा रंग घोटला. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हातमोजे घालून हाताळायचे. म्हणजे परग्रहाचं म्हणून जे दाखवलं, ते सुताराचं काम, माणसाचे ठसे पुसून! कारागिरी मला मान्य आहे, शंभर टक्के. तिच्यातून काढलेला अर्थ मान्य नाही.

टर्नर, वाळूज

गाईड मामा, एक विचारतो. शिळेनं अक्कल दिली असं पिक्चर नक्की कुठं म्हणतो? क्लार्कच्या कादंबरीत ते सरळ लिहिलंय, शिळा वानरांना शिकवते. पिक्चरमध्ये वानर शिळेला हात लावतात आणि नंतर कधीतरी एक जण हाड उचलतो, बस. दोन्हीचा सांधा आपण जोडतो.

वेरूळचा गाईड

वानर हाडाकडं बघत असतं तेव्हा मध्येच शिळेची झलक येते, खालून घेतलेली. ती कशाला टाकली मग? आपोआप आली का?

टर्नर, वाळूज

वानराला आठवली म्हणून. आठवणं वेगळं आणि शिकणं वेगळं.

बुद्धिबळवाला, धाराशिव

मध्ये पडतो. हॅल बुद्धिबळ खेळताना वजिराची खेळी सांगतो, ती चुकीची सांगतो. घर तीन म्हणतो, पाहिजे सहा. समोरचा तपासत नाही, मान्य करून हरतो. कुब्रिक स्वतः चांगला खेळायचा, त्यामुळं चूक मुद्दाम ठेवली का नजरचुकीनं राहिली, यावर अजून वाद आहेत. मला एवढंच म्हणायचंय की गुळगुळीत दिसणाऱ्या गोष्टीवर लोक बोट फिरवून बघत नाहीत. गाईड मामांचं बरोबर आहे, पण ते पिक्चरच्या विरोधात नाही, पिक्चरच्या आतलंच आहे.

औंढा नागनाथकडून

आमच्याकडं चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लायगो नावाच्या वेधशाळेचं काम होतंय, गुरुत्वीय लहरी पकडायला. २०२३मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. गावात आजी विचारते, “ते काय ऐकणार हाय?” मी पिक्चरमधली चंद्रावरची शिळा सांगितली, उन्हाचा किरण पडताच कान फाटेस्तोवर किंचाळणारी. आजी म्हणाली, “मग आपल्याकडं नको बाबा.”

टर्नर, वाळूज

मामा, ते टाकीचे घाव मला बघायचेत. आमच्याकडं टूल मार्क म्हणतात, जॉबवर राहिला तर इन्स्पेक्शनवाला परत पाठवतो. पुढच्या आठवड्यात माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी आलीय, सकाळीच निघतो.

वेरूळचा गाईड

मंगळवारी लेणी बंद असतात. सुट्टी बदलून घे. येताना मोबाइलमध्ये ते चाकाचं काय ते घेऊन ये, दुपारी गर्दी कमी असते.