पाचट ठेवूनही खोडवा फुटतो

ऊस तोडल्यावर शेतात राहणारा वाळलेला पाला म्हणजे पाचट, आणि जमिनीत उरलेल्या बुडख्यांतून (खुंटांतून) पुन्हा येणारा ऊस म्हणजे खोडवा. "पाचट ठेवलं की खोडव्याला फुटवे कमी येतात, म्हणून काडी लावून ते जाळावंच लागतं" असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. फुटवे कमी येतात हे खरं, पण पाचट बुडख्यांवर तसंच पडून राहतं म्हणून. आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं. पाचट हाताने बाजूला केलं तर खालचे कोंब पांढरेफटक, वाकडे, उजेडाकडे धडपडणारे. फार वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी तोड झाल्याबरोबर सगळं पाचट सरीत (उसाच्या दोन ओळींमधल्या चरात) ओढलं आणि बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटले. आता कोंब जमिनीखालच्या डोळ्यांतून येतात, जाड आणि सारखे.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिलेलं नाही: पाचट कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, त्यामुळे सुरुवातीला ऊस पिवळा पडतो. त्यासाठी एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू सरीतल्या पाचटावर टाकून पाणी द्या. पाचटाखाली ओल टिकते, म्हणून पाण्याची पाळीही लांबते, म्हणजे दोन पाण्यांमधलं अंतर वाढतं. एप्रिलमध्ये पाचट उचलून खालची माती मुठीत दाबून बघा, लाडू वळतो.