कार्लोस मोन्झोनचा पुतळा: ठेवावा की उतरवावा? (ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

तळटीप

अर्जेंटिनातल्या सांता फे शहरात पाण्याकाठच्या रस्त्यावर कार्लोस मोन्झोन या बॉक्सरचा पुतळा आहे. तो उतरवावा असं माझं ठाम मत आहे. बॉक्सिंग आवडत नाही म्हणून मी हे म्हणत नाही. मिडलवेट या वजनगटात माझ्या लेखी त्याच्याइतका पक्का बॉक्सर दुसरा झाला नाही.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्म १९४२ चा, सान हाविएर नावाच्या गावातला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळा तिसरीतच सुटली, मग बूटपॉलिश कर, पेपर वीक, पडेल ते काम कर. पुढे अमिल्कार ब्रुसा या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झाला आणि ७ नोव्हेंबर १९७० ला रोममध्ये जगज्जेत्या निनो बेनवेनुतीसमोर उभा राहिला. बेनवेनुती १९६० च्या रोम ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, प्रेक्षक सगळे त्याचे. त्या लढतीचं चित्रण जरूर बघा. मोन्झोन कुठेही घाई करत नाही. लांबलचक डावा हात सतत समोरच्याच्या तोंडापुढे, पाऊल थोडंथोडं पुढे, आणि समोरच्याला मागे सरकण्यावाचून गत्यंतर नाही. बाराव्या राउंडमध्ये उजव्या हाताचा ठोसा बसतो आणि बेनवेनुती दहा आकडे मोजून होईपर्यंत सावरत नाही.

त्यानंतर त्यानं किताब चौदा वेळा राखला आणि १९७७ मध्ये जगज्जेता असतानाच निवृत्ती घेतली. शंभर लढतींत हार फक्त तीन, त्याही सुरुवातीच्या काळातल्या आणि गुणांवर.

१४ फेब्रुवारी १९८८ च्या पहाटे मार देल प्लाता या समुद्रकाठच्या शहरात त्यानं आलिसिया मुनिझचा खून केला. ती मॉडेल होती, मूळची उरुग्वेची, त्याच्या मुलाची आई. बाल्कनीतून ती पडली असं तो सांगत राहिला, पण तिच्या गळ्यावर दाबल्याच्या खुणा होत्या. १९८९ मध्ये त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. ती पूर्ण व्हायच्या आत, ८ जानेवारी १९९५ ला, रजेवरून तुरुंगात परतताना गाडी उलटून तो गेला. अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली.

त्याचे विक्रम कुणी खोडावेत असं मी म्हणत नाही. जे घडलं ते नोंदीत राहणारच. पण पुतळा ही नोंद नव्हे. शहर पुतळा उभारतं तेव्हा ते आपल्या पोरांना सांगत असतं की या माणसाकडे मान वर करून बघा. मला ते पटत नाही.

रिंगसाइड

पूर्ण असहमत.

पुतळा बॉक्सरचा आहे. अंगावर बॉक्सिंगची चड्डी आणि हातात ग्लोव्हज घालून जे काही त्यानं केलं, त्याचा तो आहे. नोव्हेंबर १९७२ ची बेनी ब्रिस्कोबरोबरची लढत आठवा. ब्वेनोस आयरेसचं लुना पार्क, नववा राउंड, ब्रिस्कोचा ठोसा बसला आणि मोन्झोनचे पाय लटपटले. दुसरा कुणी असता तर तिथेच कारभार आटोपला असता. यानं मिठी मारली, वेळ काढला, डोकं थंड ठेवलं आणि पंधरा राउंड पूर्ण करून जिंकला. शेवटच्या लढतीत, १९७७ ला, रॉद्रिगो वाल्देसनं त्याला दुसऱ्या राउंडमध्ये खाली पाडलं. वय पस्तिशीला टेकलेलं. उठला आणि ती लढतही घेतली. हे पाहून ज्यांना बळ मिळालं ती माणसं खोटी नव्हती.

खुनाची शिक्षा न्यायालयानं दिली. तो ती भोगत असतानाच मेला. आता तीस वर्षांनी आपण आणखी एक शिक्षा ठोठावणार? आणि हा न्याय लावायचा तर एकट्याला का? बॉक्सर माइक टायसनला १९९२ मध्ये बलात्काराबद्दल शिक्षा झाली, तीन वर्षं तुरुंगात होता, आणि २०११ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये सन्मानानं घेतलं. या गाळणीतून सगळ्यांना गाळायला बसलात तर हा खेळच रिकामा होईल.

तळटीप

रिंगसाइड, लढतींबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातल्या शब्दाशब्दाशी सहमत आहे. पण 'सगळ्यांना गाळावं लागेल' हा युक्तिवाद मला घाबरवत नाही. गाळावं लागलं तर लागू दे. आणि हॉल ऑफ फेमचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगते: त्या संस्थेनं पहिली यादी केली १९९० मध्ये आणि तिच्यात मोन्झोन होता. म्हणजे खुनाबद्दल तो तुरुंगात होता त्याच काळात. त्यांनी दोन-चार वर्षं थांबायचीही तसदी घेतली नाही. आलिसियाच्या घरच्यांना ती बातमी वाचताना काय वाटलं असेल, याचा विचार तुम्ही करून बघा.

कोर्टकज्जे

'शिक्षा झाली, विषय संपला' या मुद्द्यावर वकिली करणारा माणूस म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, ही शिक्षा सहजासहजी झालेली नाही.  स्वतः मोन्झोनही खाली पडून जखमी झाला होता, त्यामुळे अपघाताची कहाणी पहिल्या ऐकण्यात खरी वाटायची. शवविच्छेदन दोनदा झालं. गळा आवळल्याचा पुरावा पुढे आला म्हणून खटला उभा राहिला. माणूस देशाचा लाडका, समोर रोज कॅमेरे, तरी न्यायाधीशांनी दोषी ठरवलं. याचं श्रेय द्यायलाच हवं.

दुसरी गोष्ट, अकराच वर्षं का? कारण तेव्हा तिथल्या कायद्यात बाईवर सतत हात उगारणाऱ्यानं शेवटी तिचा जीव घेतला, याला वेगळं वजन नव्हतं. साध्या खुनाचं कलम लागलं. पुढे २०१२ मध्ये कायदा क्रमांक २६,७९१ आला आणि पुरुषानं लिंगाधारित हिंसेतून बाईचा खून केला तर जन्मठेप, अशी तरतूद झाली. तो कायदा मागे जाऊन लागू होत नाही आणि व्हायलाही नको. पण 'कायद्यानं हिशेब पूर्ण केला' म्हणताना, त्याच देशानं नंतर तो हिशेब अपुरा मानला, हे विसरू नये.

पुतळ्याबाबत मात्र मी ठाम मत देत नाही. तो निर्णय सांता फेच्या लोकांचा.

हेडगार्ड

मी पोरांना बॉक्सिंग शिकवतो, त्यामुळे हा धागा सोडवत नाही.

इथे अजून कुणी म्हटलं नाही, पण दर वेळी कुणीतरी म्हणतंच की खेळच मारामारीचा, मग माणूस घरीही मारणार. हे सपशेल खोटं आहे. हाताला पट्टी बांधायला शिकवतानाच आम्ही पोरांना सांगतो की बाहेर हात उचललास तर उद्यापासून येऊ नकोस. राग आला की पोराचा बचाव उघडा पडतो, हनुवटी वर येते, हे त्याला पहिल्या महिन्यातच कळतं. मोन्झोनइतका रिंगमध्ये रागावर ताबा असलेला माणूस शोधून सापडणार नाही. म्हणूनच घरी त्याला राग आवरत नव्हता ही सबब मी मानत नाही. पंधरा राउंड आवरत होता. घरी आवरायची त्याला गरज वाटत नव्हती, कारण समोर पंच नव्हता.

गरिबीचंही तेच. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं त्याच परिस्थितीतली आहेत. गरिबीनं हात उगारायला लावला असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

तरी पुतळा उतरवू नये असं मला वाटतं. तिथेच ठेवा आणि पायाशी आलिसिया मुनिझचं नाव, तारीख, तिचं काय झालं, हे तितक्याच मोठ्या अक्षरांत कोरा. मी पोरांना त्याचा डावा हात दाखवतो तेव्हा हेही सांगतो. दोन्ही एकाच दिवशी.

पैलतीर

हेडगार्ड दादा, सबब म्हणून नाही, पण गरिबी आणि जात-वंशाची बाजू पूर्ण सोडून चालणार नाही. मोन्झोनचं मूळ मोकोवी या आदिवासी समाजात. शाळा सुटलेलं काळंसावळं पोर. सांता फेच्या ज्या वस्तीनं 'आपला माणूस' म्हणून त्याला डोक्यावर घेतलं, तिला जगानं दुसरा कुठला नायक दिला होता? तो पुतळा या माणसांचा आहे. तो काढायला हजारो मैलांवरून आपण सांगणं मला टोचतं.

आणि एकट्या त्यालाच खाली खेचलं की बाकीचे सुटतात. १९७३ मध्ये त्याच्या पहिल्या बायकोनं त्याच्यावर गोळी झाडली होती. घरात काय चाललंय हे तेव्हाच साऱ्या देशाला कळलं होतं. काय झालं? पुढच्याच फेब्रुवारीत पॅरिसजवळ होसे नापोलेसबरोबरची लढत, आयोजक कोण तर नट आलाँ देलोन. नट्या, मासिकांची मुखपृष्ठं, सिनेमा. बायकांना मारल्याचं तो स्वतः बोलून दाखवायचा आणि लोक ते मर्दानगीच्या खात्यात जमा करायचे. चौदा वर्षं सगळ्यांनी पैसे कमावले. पुतळा उतरला की हे सगळे हात झटकून मोकळे.

रिंगसाइड

पैलतीर यांच्या पहिल्या परिच्छेदाला शंभर टक्के पाठिंबा. हेडगार्ड म्हणतात तशी पायाशी पाटी लावायलाही माझी हरकत नाही. पुतळा उतरवायला आहे.

तळटीप

पैलतीर, तुमचा दुसरा परिच्छेद मला माझ्याच बाजूचा वाटतो. १९७३ मध्ये सगळ्यांना कळलं होतं आणि तरी कुणी त्याला थांबवलं नाही, कारण तो जिंकत होता. जिंकतोय तोवर घरातल्या गोष्टी घरात, हाच तो व्यवहार. पुतळा तोच व्यवहार पुढे चालवतो.

वस्तीच्या नायकाबद्दल म्हणाल तर त्या वस्तीत बायकाही राहत होत्या, राहतात. त्यांच्यातल्या कुणी मार खात असेल तर रोज त्या रस्त्यानं जाताना तिनं काय समजायचं? आणि आपण दूरचे म्हणून बोलू नये, हेही मान्य नाही. त्याच्या ठोशाचं कौतुक आपण दूरूनच करतो, तेव्हा कुणी अडवत नाही.

हेडगार्ड, तुमची पाटीची सूचना मला आधी अर्धवट तडजोड वाटली, पण 'तितक्याच मोठ्या अक्षरांत' ही अट असेल तर मी विचार करीन. अडचण एवढीच की पुतळा लांबून दिसतो आणि पाटी जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाही. यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर लिहा.

हेडगार्ड

आहे. पाटी नको, आलिसियाचाही पुतळा उभारा, त्याच उंचीचा, त्याच्या शेजारी नव्हे तर रस्त्याच्या पलीकडे, समोरासमोर. खर्च हॉल ऑफ फेमनं द्यावा.