बोटीवरून उतरलेल्या माणसाला दार कोण उघडत होते?

समुद्रपक्षी

गेल्या आठवड्यात येथे एका सदस्यांनी लिहिले की, परदेशातील चिनी संघटना म्हणजे त्या समाजाने स्वतःभोवती घातलेले कुंपण आहे, त्यांच्यामुळेच चिनी माणूस कोठेही मिसळत नाही, आणि आज तर त्या सर्वच बीजिंगच्या हस्तक बनल्या आहेत. हे विधान मला इतके खटकले की दोन ओळींच्या प्रतिसादावर भागवणे शक्य झाले नाही.

1840 साली सिंगापुरात थिआन हॉक केंग मंदिराच्या आश्रयाने होक्किएन हुए कुआन, म्हणजे चीनच्या फुजिआन प्रांतातील होक्किएन बोली बोलणाऱ्यांची संघटना, सुरू झाली, त्या वेळी फुजिआनहून आलेल्या हमालाचे श्रम इंग्रज सरकारला हवे होते. त्याच्या आजारपणाची किंवा अंत्यविधीची जबाबदारी नको होती. डोके टेकायला जागा, पहिले काम, घरी पाठवायचे पत्र आणि त्यासोबतचे पैसे, आपल्या भिशीसारखी भांडवल उभे करणारी ‘हुई’ आणि शेवटी चार खांदेकरी, हे सर्व त्याला आपल्या मुलखाच्या माणसांकडूनच मिळत असे. कॅलिफोर्नियात मरण पावलेल्यांच्या अस्थी काही वर्षांनी उकरून हाँगकाँगच्या तुंग वा रुग्णालयामार्फत गावी पोचवल्या जात. सिंगापूरची थोंग चाय ही संस्था तर 1867 पासून वंश न पाहता मोफत औषधोपचार करत आली आहे.

माझे बालपण माझगावात गेले. तेथील सी यिप कून हे चिनी मंदिर 1919 सालचे. वडील गोदीत कामाला असल्यामुळे कुआन कुंग या देवापुढे उदबत्ती लावून बोटीवर परतणारे खलाशी त्यांनी पाहिले होते. ‘सी यिप’ म्हणजे क्वांगतुंग प्रांतातील चार तालुके. त्याच चार तालुक्यांच्या नावाची संघटना 1851 साली सॅन फ्रान्सिस्कोत उभी राहिली, आणि कोलकात्यातही त्या नावाचे मंदिर 1905 पासून आहे. परक्या बंदरात आपल्या तालुक्याचे नाव वाचून ज्याला दार ठोठावता आले, त्याच्या त्या दाराला कुंपण म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

कोरा कागद

ते विधान माझे आहे, आणि मी त्यावर ठाम आहे. आत येताना दार उघडत होते हे खरे; बाहेर पडताना त्याच दारात वसुली होत होती, हे आपण का गाळले? सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘सहा कंपन्यां’नी, म्हणजे तेथील चिनी संघटनांच्या महासंघाने, आगबोट कंपनीशी असे ठरवून घेतले होते की, देणे फिटल्याचा संघटनेचा दाखला असल्याशिवाय चिनी मजुराला मायदेशी जाण्याचे तिकीटच मिळू नये. न्यूयॉर्कमध्ये 1933 साली हाताने कपडे धुणाऱ्या छोट्या लॉन्ड्रीवाल्यांवर हजार डॉलरच्या जामिनाचा नियम लादण्याचा घाट घातला गेला, तेव्हा व्यापाऱ्यांच्या ताब्यातील मोठ्या चिनी संघटनेवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि त्यांना स्वतःची वेगळी संघटना काढावी लागली. तिने लढून तो जामीन शंभर डॉलरवर आणला. ज्यांचे पोट हातावर होते, त्यांना आपल्याच शेटजींशी आधी झगडावे लागले.

केळफूल

शेटजींचा विषय निघालाच आहे, म्हणून लिहिते. परदेशात असताना एका मराठी मंडळात मी सलग सहा वर्षे गणपतीचा प्रसाद रांधला, आणि ज्या वर्षी हिशेब विचारला त्या वर्षी माझे नाव यादीतून गेले. या चर्चेत अजून एकाही स्त्रीचा उल्लेख झालेला नाही, म्हणून हे आठवले. सिंगापुरात घरकाम करणाऱ्या क्वांगतुंगच्या ‘आमा’ पैसे एकत्र करून खोली भाड्याने घेत आणि तिला ‘कोंगसी’, म्हणजे मंडळीच, म्हणत. सुटीच्या दिवशी त्यांना हक्काने टेकता येईल अशी जागा त्यांनी स्वतः मिळवली. तिच्यावर पाटी नव्हती, म्हणून ती संघटना नव्हे काय?

बुकितवासी

मी सिंगापुरात एकवीस वर्षे राहतो आणि माझी तक्रार वेगळीच आहे. आमच्या शेजारच्या आजी फक्त होक्किएन बोलत. शेवटच्या आजारपणात त्या नातीला काहीतरी सांगत राहिल्या आणि इंग्रजी-मँडरिनमध्ये वाढलेली ती मुलगी नुसती त्यांचा हात धरून रडत होती. 1979 साली सरकारने मँडरिन बोलण्याची मोहीम काढली आणि बोलीतील कार्यक्रम दूरचित्रवाणीवरून हद्दपार झाले. बोलीच्या नावावर उभ्या राहिलेल्या संघटनांनी त्या वेळी जिवाच्या आकांताने विरोध करायला हवा होता.

कोरा कागद

सरकारला दोष देण्यापूर्वी इतिहास पाहावा. होक्किएन समाजाने 1906 साली काढलेल्या ताओ नान शाळेने पहिल्या महायुद्धाच्या काळातच होक्किएन सोडून मँडरिनमधून शिकवायला सुरुवात केली होती. बोली ज्यांच्या पाटीवर होती, त्यांनीच ती वर्गाबाहेर काढली.

बुकितवासी

शाळेत प्रमाणभाषा आणणे आणि घरातील जीभ कापणे यांत फरक आहे, आणि तो ज्याला कळत नाही त्याने मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरात चार दिवस राहून यावे. ताओ नानचे शिक्षक मँडरिनमध्ये शिकवत असतानाही मुले घरी आजीशी होक्किएनमध्येच बोलत होती. आपण पुस्तकातील तारीख सांगता. मी त्या खोलीत उभा होतो.

समुद्रपक्षी

दोघांनाही विनंती आहे की आवाज खाली आणावा. भाषेच्या बाबतीत संघटनांनी कच खाल्ली, हे मला मान्य करावे लागेल, आणि लॉन्ड्रीवाल्यांचे उदाहरणही मी नाकारत नाही. मात्र मार्ग निघाला तो चिन्यांच्या दुसऱ्या संघटनेतूनच. त्याच सहा कंपन्यांनी चिनी मजुरांवर नोंदणीची सक्ती करणाऱ्या 1892 च्या गीअरी कायद्याखाली नोंदणी करू नका असे सर्वांना सांगून तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि 1893 साली तो हरल्या. पुढे वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या स्वयंपाक्याच्या खटल्यामागे त्याच उभ्या राहिल्या, आणि 1898 साली अमेरिकेत जन्मलेला तो अमेरिकन नागरिक, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले.

राहिला बीजिंगचा मुद्दा. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये अनेक संघटनांच्या गच्चीवर कित्येक दशके तैवानचा ध्वज फडकत होता, हे आपणांस ठाऊक असेलच. आणि ‘सर्वच हस्तक’ हा शब्दप्रयोग करण्यापूर्वी 1962 आठवावे. त्या युद्धानंतर आसाम-बंगालमधील सुमारे 3000 चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले होते. त्यांत येथेच जन्मलेली लहान मुलेही होती.

कोरा कागद

‘सर्वच’ हा शब्द मी मागे घेतो; देवळीचा मी विचार केला नव्हता. तिकिटाच्या दाखल्याबद्दल मात्र आपण अजूनही उत्तर दिलेले नाही.