पोटात गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिलं, ऑपरेशनला दोन वर्षं उलटली. ग्राहक आयोगात तक्रार चालेल का?

सिन्नरकर
मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन मार्च 2023, नाशिकमधलं खासगी रुग्णालय. पोटदुखी राहिली. ऑगस्ट 2024 च्या सिटी स्कॅनमध्ये गॉज दिसलं, सप्टेंबरमध्ये दुसरीकडे काढलं. पहिलं रुग्णालय 'नोटीस पाठवा, बघू' म्हणतंय. मुदत संपली का?

गोदाकाठ
नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69 : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. इजा आत दडलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा नेटाने चौकशी केली असती तर कळू शकली असती तेव्हापासून. 'कळू शकली असती' यावरच समोरचा वकील बोट ठेवणार. सर्वोच्च न्यायालयाचं 2010 चं प्रकरण बघा : ऑपरेशन 1993, गॉज निघालं 2002 मध्ये, तक्रार 2004 मध्ये. कळल्यापासून दोन वर्षांच्या आत असूनही फेटाळली, कारण इतकी वर्षं दुखत असताना तपासणी केली नव्हती. म्हणून मावशींनी मधल्या काळात दाखवलेल्या प्रत्येक डॉक्टरची चिठ्ठी, सोनोग्राफी, औषधांची बिलं जोडा.

आणि दिवस मोजा स्कॅनच्या रिपोर्टपासून, दुसऱ्या ऑपरेशनपासून नव्हे.

सिन्नरकर
नोटीस दिली की मुदत थांबते ना?

कागदवाला
थांबत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे अर्ज केला तरी नाही. 'बघू, बघू' मध्येच लोकांची दोन वर्षं जातात. उशीर झालाच, तर तक्रारीसोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र, किती दिवस उशीर आणि का, ते स्पष्ट लिहून.

त्याआधी इनडोअर केसपेपर (दाखल असतानाच्या उपचारांची कागदपत्रं) मिळवा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 72 तासांत प्रती देणं बंधनकारक आहे. रुग्णालयाने रेकॉर्ड ठेवायचं ते उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं. म्हणजे तुमच्या बाबतीत मार्च 2026. पहिल्या ऑपरेशनची नोट आणि गॉजमोजणीची नोंद त्यातच असते. दुसऱ्या रुग्णालयाची ऑपरेशन नोटही हवी.

तक्रारीची फी भरपाईच्या मागणीवर नसून भरलेल्या बिलावर : 5 लाखांपर्यंत शून्य, 10 लाखांपर्यंत 200 रुपये. बिल 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, त्यामुळे ऑपरेशन मुंबईत झालं असतं तरी नाशिकलाच दाखल करता आली असती.

पंचवटी 422003
सिव्हिलमध्ये मोफत झालं असतं तर हा रस्ता बंद. सगळ्यांवर मोफत उपचार होतात तिथे ग्राहक कायदा लागत नाही. दिवाणी दावा करावा लागतो, त्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस. गंमत म्हणजे त्या नोटिशीचा काळ मुदतीतून वगळतात! खासगीत मात्र बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी रुग्ण ग्राहकच.