सिटी ग्रुप गेला, आता मुंबई सिटीचं काय? (आयएसएल २०२६)

अंधेरी_पूर्व
१४ फेब्रुवारी २०२६ ला एकदाची आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली अव्वल फुटबॉल लीग) सुरू होतेय. चौदा संघ, प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणजे वाट्याला १३ सामने. त्यात डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने (मँचेस्टर सिटीचे मालक) मुंबई सिटीतला आपला ६५ टक्के हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा जुन्या मालकांकडे, रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे आला. तेव्हापासून जो तो ‘मुंबई संपली’ म्हणतोय. मला हे अजिबात पटत नाही. आपण पहिल्या चारात असू.

यंदा सगळीकडचे विदेशी खेळाडू पांगलेत. केरळ ब्लास्टर्सचा लुनासुद्धा इंडोनेशियाला गेला. अशा वेळी ज्याचे भारतीय खेळाडू भक्कम, तो वरचढ. आपल्याकडे गोलमध्ये फुर्बा लाचेन्पा आहे, मधे ब्रँडन, उजवीकडे छांगते. टचलाइनवरून चेंडू डाव्या पायावर घेत छांगते आत शिरणार, हे समोरच्या बॅकला पाठ असतं, तरी तो अडवता येत नाही.

कूपरेजवाला
छांगतेबद्दल दुमत नाहीच. पण संघ बांधणारं डोकं गेलं त्याचं काय? ग्रुप २०१९ मध्ये आला आणि २०२०-२१ मध्ये प्रशिक्षक लोबेरांनी शिल्ड (साखळीत पहिला येणाऱ्याला) आणि कप (नंतरच्या बाद फेरीचा) दोन्ही जिंकून दिले. पुढे बकिंगहॅम प्रशिक्षक म्हणून आले. ते इंग्लंडच्या ऑक्सफर्ड क्लबला गेले, तर क्रॅटकी आले. दोघेही मेलबर्न सिटीतून, म्हणजे ग्रुपच्याच ऑस्ट्रेलियातल्या क्लबातून. आपला खेळाडू रॉस्टिन ग्रिफिथ्सही तिथलाच. ऐन हंगामात प्रशिक्षक बदलूनही आपण मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून कप आणला, कारण मागे एक व्यवस्था होती. उद्या क्रॅटकी गेले तर फोन कुणाला लावायचा? माझ्या मते आपण आठवे-नववे.

अंधेरी_पूर्व
@कूपरेजवाला, ती व्यवस्था असतानाच २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत ३६ गुण घेऊन सहावे आलो ना? आपुइया, भेके, डियाझ, नोगुएरा हे सगळे खेळाडू एकाच उन्हाळ्यात गेले. पुढच्या वर्षी बिपिन ईस्ट बंगालला आणि मेहताब मोहन बागानला. हे सगळं ग्रुप असतानाच झालं. गळती जुनीच आहे, तिचं खापर मालक बदलण्यावर कशाला?

बालेवाडी_ब्लॉक
तुम्ही दोघे मालकांवर भांडताय, माझी चिंता मैदानावरची आहे. मार्च २०२५ आठवा. बंगळुरूला त्यांच्याच कांतीरवा मैदानावर २-० हरवून बाद फेरीत गेलो आणि त्याच महिन्यात तिथेच बंगळुरूकडून पाच गोल खाल्ले.

आपण चेंडू मागून खेळवत आणतो. लाचेन्पा आखूड पास देतो, दोन्ही सेंटर बॅक पेनल्टी बॉक्सच्या कडांपर्यंत फाकतात आणि मधला मिडफिल्डर आपल्याच गोलकडे तोंड करून चेंडू घ्यायला खाली येतो. तिथे पाठीवर माणूस असताना वळायची हिंमत लागते. आपुइया वळायचा. तो गेल्यापासून तोच पास परत गोलकीपरकडे जातो, तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी गडबडतो आणि चेंडू जातो. त्या जागेवर माणूस नसेल तर छांगतेपर्यंत चेंडू पोचणार कसा?

शिवाय १३ सामन्यांत सावरायला वेळच नाही. २०२३-२४ मध्ये शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरेशी होती. बागानकडून २-१ हरलो आणि ४८ विरुद्ध ४७, एका गुणाने शिल्ड गेली. तेही २२ सामन्यांनंतर. यंदा पहिले तीन सामने फसले की हंगाम हातचा गेला म्हणून समजा.

फातोर्डा_साउथ
गोव्यातून लिहितोय. डिसेंबरमध्ये सुपर कपच्या (आयएसएलहून वेगळी स्पर्धा) उपांत्य फेरीत आम्ही, म्हणजे एफसी गोवाने, तुम्हाला २-१ ने हरवलं, पण तुमचा संघ मोडलेला दिसला नाही. आमच्यामागे कुठलाही परदेशी ग्रुप नाही, तरी २०२५ मध्ये दोनदा सुपर कप जिंकलो. प्रशिक्षक मानोलोंना २०२३ पासून हलवलेलं नाही, हे त्यातलं मोठं कारण. क्रॅटकींना तसंच राहू द्या.

कूपरेजवाला
@फातोर्डा_साउथ, भाऊ, तुमच्याकडे स्थानिक पोरं आहेत हा मोठा फरक. सौदीच्या अल नस्रविरुद्ध तुमच्या ब्रायसनने गोल केला तेव्हा अख्ख्या गोव्याला तो आपला वाटला. आमचा राहुल भेके मुंबईचा. कप उचलला तेव्हा कप्तान तोच होता आणि दोन-तीन महिन्यांत तो बंगळुरूचा झाला. मालक आता इथलेच आहेत, तर मुंबईतल्या पोरांना संघात जागा द्यावी. ते यंदा घडेल असं वाटत नाही, म्हणून आठवे.

अंधेरी_पूर्व
पोरांच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. @बालेवाडी_ब्लॉक, त्या जागेवर ब्रँडनला थोडं मागे खेळवलं तर? त्याला पाठीवर माणूस चालतो.

बालेवाडी_ब्लॉक
चेंडू असेल तेव्हा चालेल. चेंडू गेल्यावर मागे कोण धावणार? ब्रँडनचं ते काम नव्हे. चेंडू हिसकावून घेणारा एक जण त्याच्या शेजारी आणा, मग पहिल्या चाराचं बोलू. तोवर मी सहावा क्रमांक धरतो.