पेट्रोलमध्ये पाणी, गाडी बंद. भरपाईसाठी कॅनमधला नमुना चालेल का?

गेल्या गुरुवारी रात्री सोलापुरात होटगी रोडवरच्या एका पंपावर कारमध्ये २५ लिटर पेट्रोल भरलं. आसरा चौकापर्यंतही पोचलो नाही, हिसके देत गाडी बंद. गॅरेजवाल्याने टाकी उतरवली तर तळाला पाणी! फ्युएल पंप, इंजेक्टर मिळून ३८ हजारांचं बिल झालं.

माझ्याकडे पंपाची पावती, यूपीआयची नोंद, टाकी रिकामी करतानाचा व्हिडिओ आणि मेकॅनिकची सही-शिक्क्याची चिठ्ठी आहे. दोन लिटर नमुना कॅनमध्ये ठेवलाय, पण सील नाही. दुसऱ्या दिवशी पंपाच्या मॅनेजरने काठीला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून पंपाची टाकी तपासून दाखवली, रंग बदलला नाही. (तोवर त्या टाकीत नवा टँकर रिकामा झाला होता, हे त्याने सांगितलं नाही, पंपावरच्या पोराने सांगितलं.) तेल कंपनीकडे लेखी तक्रार दिलीय, उत्तर नाही. अपघात नाही म्हणून विमा बसत नाही, असं एजंट म्हणतो.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, वकील सक्तीचा नाही, एवढं माहीत आहे. अडलंय ते नमुन्यापाशी. मी स्वतः काढलेला नमुना आयोग प्रयोगशाळेत पाठवतो का, की आधी जिल्हा पुरवठा कार्यालयाकडून पंचनामा करून घ्यावा? सोलापुरात कुणी हे केलंय का?